कॅव्हेट एम्प्टर : अर्धेच स्मरणात राहिलेले लॅटिन

वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना लॅटिन येत नाही; तरी त्या भाषेतील काही शब्द त्यांच्या जिभेवर असतात. ‘प्रो राटा’, ‘बोना फाइडी’ आणि व्यापारी कायद्याच्या तासाला हमखास घोकलेले ‘कॅव्हेट एम्प्टर’, म्हणजे ‘ग्राहकाने सावध असावे’. हे वचन ऐकून वाटते की, रोमन लोकांनी विक्रेत्याला मोकळे रान दिले होते. वस्तुस्थिती निराळी आहे.

रोमच्या बाजारावर ‘ईडाइल’ नावाच्या अधिकाऱ्यांची देखरेख असे. गुलाम वा जनावरे विकणाऱ्याने त्यांचे रोग व दोष आधीच सांगावेत, अशी त्यांची आज्ञा होती. न सांगितलेला दोष निघाल्यास ग्राहकास सहा महिन्यांच्या आत सौदा मोडता येई, अथवा वर्षाच्या आत किंमत कमी करून मागता येई.

इ.स.पू. 44 मध्ये सिसेरोने कर्तव्यांविषयी ग्रंथ लिहिला. त्यात एक प्रश्न आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्य घेऊन तेथे पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने ग्राहकांना सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजिनीस म्हणतो, कायद्याने सांगावयास लावले तेवढेच सांगावे. अँटिपेटर म्हणतो, काहीही लपवू नये. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने आहे.

‘कॅव्हेट एम्प्टर’ हे तत्त्व खरे रुजले ते इंग्रजी न्यायालयांत. 1603 च्या एका प्रसिद्ध खटल्यात एका सोनाराने ‘बेझोअर’ म्हणून एक खडा शंभर पौंडांस विकला होता. खडा तसा नव्हता. परंतु स्पष्ट हमी दिलेली नव्हती, म्हणून ग्राहकाला दाद मिळाली नाही. आपल्याकडे 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 16 मध्ये हे तत्त्व आले, मात्र अपवादांसह. ग्राहकाने गरज सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर जबाबदारी विक्रेत्याची ठरते. परीक्षेपुरते घोकणाऱ्यांच्या स्मरणात वचन राहते, अपवाद गळून पडतात.

जैन व्यापाऱ्याला मात्र हा उरलेला अर्धा भाग लॅटिनमधून शिकण्याची गरज नाही. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे खोटी मापे ठेवणे, आणि प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सलात नक्कल मिसळून विकणे, हे दोन्ही येतात. येथे सावध राहण्याचा भार ग्राहकावर नाही. तो गादीवर बसणाऱ्यावर आहे.

पेढीवर नव्याने बसणाऱ्या मुलामुलींना ऱ्होड्सच्या व्यापाऱ्याचा प्रश्न अवश्य विचारावा. भाव उतरणार हे आपल्याला ठाऊक आहे आणि जुना ग्राहक समोर आहे. अशा वेळी ते काय करतील? कायदा कदाचित मौनाला हरकत घेणार नाही. व्रताची कसोटी मात्र त्या मौनातच लागते.