एकच तफिल्ला, दोन गायनवृंद



गायनवृंदांच्या ध्वनिमुद्रणांची तुलना कशी करावी, हे सांगण्यासाठी सालोमोने रॉसी यांच्या रचना घेते. मी संगीतातील पंडिता नव्हे. परिचारिका म्हणून आयुष्यभर माणसांचे श्वास मोजले; गाणेही मी श्वासावरूनच ऐकते.

रॉसी हे इटलीतील मांतुआच्या दरबारचे संगीतकार. त्यांच्या 33 हिब्रू रचना 1622-23 मध्ये व्हेनिस येथे छापल्या गेल्या. बेथ हमिकदाश उद्ध्वस्त झाल्यानंतर सिनेगॉगमध्ये असे गायन उचित नाही, असे अनेकांचे मत होते. म्हणून रब्बी लिओन मोदेना यांनी 1605 मध्ये फेरारा येथे दिलेला अनुकूल निर्णयही त्या संग्रहात समाविष्ट केला गेला. स्वरलिपी डावीकडून उजवीकडे आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे, ही छपाईतील अडचण. तेथे हिब्रू शब्दांची दिशा कायम राखली गेली.

या रचना बॉस्टनच्या झमीर कोरलने गायिल्या आहेत, तशाच ‘प्रोफेती देला क्विंता’ या पुरुषांच्या लहान वृंदानेही. झमीरमध्ये स्त्रीपुरुषांचे अनेक कंठ एकच स्वरपंक्ती गातात. मोठ्या वृंदात गायक आळीपाळीने श्वास घेऊ शकतात, म्हणून नाद अखंड वाटतो. लहान वृंदात एका पंक्तीला एकच कंठ. श्वास लपत नाही, पण पासूकाचा अर्थ जेथे थांबतो तेथेच गायकही थांबला तर शब्द उजळतात.

तुलना करताना एकच रचना निवडावी आणि दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा. मोठा आवाज कानाला उगाचच सरस वाटतो. मग तीन प्रश्न विचारावेत. शब्द कळतात काय? श्वास अर्थ तोडतो काय? दालनाचा घुमारा शब्दांवर पसरतो काय?

कित्येकांना असे भव्य गायन ऐकून आपली हजानामागून एकसुरात म्हटलेली तफिल्ला उणी वाटते. या तीन प्रश्नांच्या कसोटीवर ती मुळीच उणी ठरत नाही. उणीव दुसरीकडे आहे. 1630 मध्ये शाही सैन्याने मांतुआ लुटले, तेथील ज्यू देशोधडीला लागले. तरी रॉसींच्या रचना छापील असल्यामुळे वाचल्या. कोकणातून, मुंबईतून आपण इस्रायलमध्ये आणलेल्या चाली मात्र बहुतांशी वडीलधाऱ्यांच्या कंठातच आहेत, आणि ते कंठ दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून शब्बाथ व सणाचे दिवस वगळून, शांत खोलीत, पंखा बंद करून आपल्या वृद्धांचे गायन ध्वनिमुद्रित करावे. प्रारंभी त्यांचे नाव, मूळ गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावी. दोन हजानांची चाल निराळी निघाली, तर एक खरी व दुसरी खोटी ठरवू नये. दोन्ही जतन कराव्यात. आपली नातवंडे एके दिवशी त्यांची तुलना करू शकली पाहिजेत.