नेत्रशुष्कता आणि थेंबांची दीर्घ चिकित्सा

नेत्रशुष्कतेने माणूस मरत नाही आणि बहुधा आंधळाही होत नाही. म्हणूनच वैद्यकीय अध्यापनात या विकारास दीर्घकाळ गौण स्थान मिळाले. परंतु ज्याच्या डोळ्यांत दिवसभर वाळूचा कण असल्यासारखे खुपते, ज्यास वाचावयास बसल्यावर थोड्याच वेळात अक्षरे पुसट दिसू लागतात, त्याच्या दृष्टीने हा विकार मुळीच गौण नसतो. अशा रुग्णास प्रथम कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले जातात. तेवढ्याने भागले नाही म्हणजे शोथविरोधी थेंब, बहुधा सायक्लोस्पोरिनचे, लिहून दिले जातात. आणि ते किती दिवस घालावयाचे, या प्रश्नास 'तूर्त चालूच ठेवा' असे उत्तर मिळते. या उत्तरात शास्त्र किती व वहिवाट किती, हा प्रश्न केवळ नेत्रवैद्याचा नव्हे. अल्प गुणाचे औषध अनेक वर्षे घ्यावे की न घ्यावे, हे कोणत्या पुराव्यावर ठरवावयाचे, असा तो व्यापक प्रश्न आहे.

डोळ्याच्या पृष्ठभागावरील अश्रुपटल काही सहस्रांश मिलिमीटर एवढेच जाड असते. त्याचा जलांश अश्रुग्रंथींकडून येतो. श्लेष्म नेत्रश्लेष्मलेतील कोशिकांकडून येतो. आणि बाष्पीभवन रोखणारा तैलांश पापण्यांच्या कडांतील ज्या ग्रंथींकडून येतो, त्यांचे वर्णन जर्मन वैद्य हाइन्‍रिख मायबोम याने १६६६ साली केले. या तिहींपैकी एकही घटक उणा पडला तरी पटल अस्थिर होते. सर्वसामान्य समज असा की, शुष्क डोळा म्हणजे अश्रू कमी असलेला डोळा. वस्तुतः बहुसंख्य रुग्णांत तैलांशाचा दोष असतो किंवा दोन्ही दोष एकत्र असतात. अश्रू पुरेसे असूनही ते टिकत नाहीत. अशा माणसाच्या डोळ्यांतून वाऱ्यावर घळघळा पाणी वाहते आणि वैद्य त्यास 'तुमचे डोळे कोरडे आहेत' असे सांगतो, तेव्हा त्याचा विश्वास बसत नाही, यात नवल नाही.

पटल अस्थिर झाले की पाणी उडून जाते व उरलेल्या अश्रूंतील क्षारांचे प्रमाण वाढते. हे तीव्र द्रावण उपकला-कोशिकांस दुखावते. दुखावलेल्या कोशिका शोथजनक द्रव्ये सोडतात. त्यांच्यामुळे टी-लसिकाकोशिका त्या ठिकाणी जमतात. शोथामुळे श्लेष्म स्रवणाऱ्या कोशिका नष्ट होतात आणि पटल अधिकच अस्थिर होते. विकाराचे मूळ कारण नाहीसे झाले तरी हे चक्र आपल्याच गतीने चालू राहू शकते. शोथविरोधी थेंबांचे सारे समर्थन या एका कल्पनेवर उभे आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सर्वगत नेत्ररोगांमध्ये 'शुष्काक्षिपाक' असा एक रोग गणला आहे. त्याच्या नावात शुष्कता व पाक ही दोन्ही एकत्र आलेली पाहून अभ्यासकास कौतुक वाटावे. मात्र नावाचे साम्य हा पुरावा नव्हे, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

सायक्लोस्पोरिनचा इतिहास मनोरंजक आहे. नॉर्वेतील हार्डांगरविड्डा या पठारावरील माती स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने १९६९ साली आणली. तीतील एका कवकापासून हे द्रव्य मिळाले. कवकनाशक म्हणून ते फारसे उपयुक्त ठरले नाही. परंतु १९७२ साली त्याचा प्रतिरक्षा दाबण्याचा गुण लक्षात आला, १९७८ मध्ये केंब्रिज येथे रॉय काल्न यांनी मूत्रपिंडरोपणाच्या रुग्णांत त्याचा वापर केला, आणि १९८३ साली अमेरिकेत त्यास रोपणासाठी मान्यता मिळाली. डोळ्याकडे ते वळले ते कुत्र्यांच्या वाटेने. जॉर्जिया विद्यापीठातील पशुवैद्य रेनी कॅस्वन यांना असे आढळले की, शुष्क डोळ्यांच्या कुत्र्यांत या औषधाच्या थेंबांनी अश्रुस्राव वाढतो. माणसांसाठी ०.०५ टक्के तीव्रतेचे थेंब, 'रेस्टासिस' या नावाने, अमेरिकेत डिसेंबर २००२ मध्ये मान्य झाले.

रोपणात वापरल्या जाणाऱ्या औषधाचे नाव ऐकून रुग्ण बिचकतो. मूत्रपिंडास अपाय, रक्तदाब, जंतुसंसर्ग हे त्या औषधाचे पोटातून घेतल्यावरचे दोष खरे आहेत. परंतु येथे हिशेब करून पाहावा. ०.०५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅम. थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा धरला तर त्यात १५ ते २५ मायक्रोग्रॅम औषध येते. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा घातले तरी एकूण मात्रा १०० मायक्रोग्रॅमच्या आतच राहते, आणि त्यांतीलही बराच भाग गालावर ओघळून जातो. रोपणाच्या रुग्णाची रोजची मात्रा शेकडो मिलिग्रॅम असते. रक्तात औषध मोजण्याजोगे सापडत नाही, असे चाचण्यांत दिसून आले आहे, ०.१ टक्के तीव्रतेच्या थेंबांच्या ३ वर्षांपर्यंतच्या वापराचे निरीक्षणही झाले आहे व त्यात सर्वांगीण अपाय आढळलेला नाही. तेव्हा दीर्घ वापराविरुद्धचा खरा आक्षेप विषारीपणाचा नाही. तो गुणाचा आहे.

मान्यतेच्या वेळी सादर झालेल्या चाचण्यांत, सहा महिन्यांनंतर, शिर्मर-परीक्षेत १० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक वाढ औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के रुग्णांत आढळली. नुसते माध्यम घेणाऱ्यांत ती सुमारे ५ टक्के होती. (ओटो शिर्मर याने १९०३ साली सांगितलेली ही कागदी पट्टीची परीक्षा अद्याप प्रचारात आहे, पाच मिनिटांत पट्टी किती भिजते ते मोजावयाचे.) म्हणजे दहा जणांनी सहा महिने थेंब घातले असता, औषधामुळेच असा लाभ होणारा त्यांत एक निघतो. आणखी एक गोष्ट सहज निसटते. येथे तुलना 'काहीच न घेणाऱ्यांशी' नव्हती. माध्यम म्हणजे एरंडेल तेलाचे पायस. ते स्वतःच पटलाच्या तैलांशाला हातभार लावते. यास्तव औषधाचा निव्वळ गुण लहान दिसतो. आणि रुग्णास जो आराम वाटतो त्याचा काही भाग औषधाचा नसून एरंडेलाचा असू शकतो. रुग्णाच्या दृष्टीने ही भेदरेषा निरर्थक आहे, पण ज्याला तेच एरंडेल स्वस्तात मिळू शकते, त्याच्या दृष्टीने नाही.

दोन नियामक संस्थांच्या शब्दांतील फरक या संदर्भात अभ्यासण्यासारखा आहे. अमेरिकेतील मान्यता, शोथामुळे ज्यांचा अश्रुस्राव दबला आहे 'असे मानले जाते' अशा रुग्णांसाठी होती. शोथ सिद्ध झालाच पाहिजे, अशी अट नव्हती. युरोपीय संस्थेने २०१५ साली ०.१ टक्के थेंबांना मान्यता दिली ती कृत्रिम अश्रूंनी न सुधारलेल्या, स्वच्छमंडलाचा तीव्र शोथ असलेल्या प्रौढ रुग्णांपुरतीच. तेथील प्रमुख चाचणीत स्वच्छमंडलावरील व्रणचिन्हे औषधाने कमी झाली, परंतु रुग्णाच्या तक्रारींत माध्यमापेक्षा निश्चित फरक पडला नाही. २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेने ३० यादृच्छिक चाचण्या एकत्र तपासल्या. तिचाही निष्कर्ष असा की, पुरावा विसंगत आहे आणि तक्रारींच्या बाबतीत औषध माध्यमाहून सरस असल्याचे खात्रीने सांगता येत नाही. लिफिटेग्रास्ट हे निराळ्या मार्गाने, म्हणजे लसिकाकोशिकांचे उपकलेशी चिकटणे रोखून, काम करणारे औषध २०१६ साली अमेरिकेत मान्य झाले. युरोपातील त्याचा अर्ज मात्र २०२० मध्ये कंपनीनेच मागे घेतला.

या विसंगतीचे मूळ विकाराच्या स्वरूपातच आहे. नेत्रशुष्कतेत लक्षणे आणि चिन्हे यांचा मेळ बसत नाही. पट्टी जवळजवळ कोरडी राहणारा रुग्ण कधी निवांत असतो, आणि परीक्षेत काहीच दोष न सापडणारा रुग्ण डोळे उघडू शकत नाही. शिवाय रुग्ण वैद्याकडे येतो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर काहीही केले वा न केले तरी बहुधा उतारच पडतो. अमेरिकेत ५३५ रुग्णांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ व दुसऱ्या गटाला ऑलिव्ह तेल वर्षभर दिले गेले. शंभर अंकांच्या तक्रार-मापनात पहिल्या गटाचे गुण सरासरी १३.९ ने व दुसऱ्याचे १२.५ ने उतरले. दोघांनाही भरपूर गुण आला. फरक मात्र नगण्य होता. 'मला या औषधाने बरे वाटले' या विधानाचे वजन किती, हे शिकवावयास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मग हे औषध टाकाऊ म्हणावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. सरासरी लहान असते तेव्हा तिच्या पोटात दोन अगदी भिन्न समूह दडलेले असू शकतात. स्वीडिश नेत्रवैद्य हेन्‍रिक श्योग्रेन याने १९३३ च्या आपल्या प्रबंधात ज्या १९ स्त्रियांचे वर्णन केले, त्यांच्यापैकी बहुतेकींना सांधेदुखीचाही विकार होता. त्यांची प्रतिरक्षाच अश्रुग्रंथींवर उलटलेली होती. अशा रुग्णांत शोथ हे विकाराचे केवळ उपांग नसून कारणच असते, आणि शोथविरोधी थेंब दीर्घकाळ घालण्यास तेथे सबळ आधार आहे. अशा रुग्णांची तोंडाची कोरड, सांधे व रक्त यांची तपासणी न करता नुसते थेंब लिहून देणे ही मात्र गंभीर चूक होय. कारण या रोगात लसिकापेशींच्या कर्करोगाचा संभव वाढतो. याउलट ज्याच्या पापण्यांच्या ग्रंथी तुंबल्या आहेत, त्यास आधी शेक व पापण्यांची स्वच्छता हवी. जो रोज ॲलर्जीच्या गोळ्या घेतो, किंवा काचबिंदूसाठी बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक असलेले थेंब वर्षानुवर्षे घालतो, त्याच्या बाबतीत नवे औषध जोडण्यापूर्वी जुने बदलता येते काय हे पाहावे. जो पंख्याखाली बसून तासन्‌तास पडद्याकडे एकटक पाहतो, तो पापण्या मिटण्याचेच विसरलेला असतो. आणि बधिर करणारा थेंब वैद्याने एकदा घालूनही ज्याची वेदना तशीच राहते, त्याचे दुखणे पृष्ठभागाचे नसून मज्जातंतूंचे आहे. त्याने सायक्लोस्पोरिन वर्षभर घातले तरी हाती काही लागणार नाही.

निर्णयातील खरा धोका मात्र अन्यत्र आहे, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. सायक्लोस्पोरिन डोळ्यास झोंबते. मूळच्या चाचण्यांत सुमारे १७ टक्के रुग्णांनी जळजळीची तक्रार केली. गुण यावयास तीन ते सहा महिने लागतात, कारण ते आधीच जमलेल्या लसिकाकोशिकांना मारीत नाही, नव्यांचे उद्दीपन थांबवते. झोंबणारे, महागडे आणि मंदगती औषध रुग्ण तीन आठवड्यांत सोडून देतो. त्याच सुमारास कोणीतरी त्यास स्टेरॉइडचे थेंब देते, किंवा मागील खेपेचा कागद दाखवून तो ते स्वतःच दुकानातून आणतो. स्टेरॉइडने दोन दिवसांत डोळे निवळतात. तेव्हा 'हेच खरे औषध' अशी त्याची खात्री होते आणि बाटलीमागून बाटली येत राहते. परंतु सुमारे एकतृतीयांश लोकांत स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्यातील दाब कमीअधिक वाढतो, व साधारणपणे शंभरांत पाच जणांत तो पुष्कळच वाढतो, हे आर्माली व बेकर यांच्या १९६० च्या दशकातील कामापासून ज्ञात आहे. हा दाब दुखत नाही. दृष्टीचा परिघ आक्रसत गेल्याचे रुग्णाला कळते तेव्हा नेत्रमज्जेचा गेलेला भाग परत येण्याजोगा नसतो. जो विकार बहुधा आंधळा करीत नाही, त्याच्या उपचाराने माणूस आंधळा व्हावा, अशी ही परिस्थिती आहे. स्टेरॉइडला येथे स्थान नाही असे नाही. सायक्लोस्पोरिनच्या प्रारंभी त्याची झोंब सुसह्य करण्यासाठी दोन आठवडे सौम्य स्टेरॉइड देण्याची पद्धत योग्यच आहे. अमेरिकेत २०२० साली या विकारासाठी मान्य झालेल्या लोटेप्रेड्नॉलच्या थेंबांचीही मुदत दोन आठवड्यांचीच आहे. मुदत संपल्यावर बाटली फेकून द्यावयाची, हे रुग्णास स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

म्हणून दीर्घ चिकित्सेचा निर्णय एकदाच व कायमचा घेण्याऐवजी त्यास प्रयोगाचे रूप देणे अधिक युक्त ठरते. आरंभीच शिर्मर-परीक्षा, रंजकाने दिसणारी स्वच्छमंडलाची चिन्हे व तक्रारींचे गुण लिहून ठेवावेत. सहा महिने नेमाने थेंब घालावेत. आणि नंतर तीच मापने त्याच रीतीने पुन्हा घ्यावीत. दोन्ही बाजूंनी काहीच हलले नसेल तर औषध थांबवावे. 'आणखी थोडे दिवस पाहू' या म्हणण्यास सहा महिन्यांनंतर फारसा आधार उरत नाही. गुण आला असेल तर वर्षभराने दिवसातून दोनदाऐवजी एकदा, असा उतार करून पाहता येतो. लहान प्रमाणावरील अभ्यासांत बऱ्याच रुग्णांना तेवढे पुरेसे ठरले आहे. पूर्ण थांबवल्यावर तक्रार परत आली, तर ती किती आठवड्यांनी आली याची नोंद ठेवावी. त्या एका रुग्णापुरते औषधाविषयी बरेच काही अशी नोंद सांगून जाते. प्रतिरक्षेच्या रोगाचे निदान झालेल्यांस मात्र असा थांबवण्याचा प्रयोग संधिवाततज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून करू नये.