विंडसरहून बेटाची खबर

परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना बेटावरचे संकट कसे कळते? १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळाच्या पावसाने पोर्ट लुईत मोटारी वाहून गेल्या. इथे दुपारचे बारा, तेव्हा कॅनडातील विंडसर शहरी पहाटेचे तीन. आमची पुतणी तिथे जागी राहून कॅनडातील नातेवाइकांना खबर लिहून कळवीत होती. वाहत्या मोटारींचे चित्र सर्वांनी पाहिलेले. त्यावरून अख्खे बेटच बुडाले असा समज! म्हणून ती प्रत्येक ओळीत गावाचे नाव व निरोपाची वेळ घालू लागली : कास्कावेल, सकाळी अकरा, घर ठीक, वीज नाही. आम्हा शिक्षकांना ही रीत फार आवडली.

शेजाऱ्यांना मात्र निराळे समजवावे लागले. विंडसरच्या जुन्या माणसांच्या आठवणीतले वादळ ३ एप्रिल १९७४ चे. बर्फावरच्या खेळाच्या एका क्लबवर ते आदळले आणि काही क्षणांत ९ माणसे गेली. आपले चक्रीवादळ दिवसचे दिवस समुद्रावर दिसत येते, इशारे एकेक पायरी चढतात.

"मग त्या सकाळी लोक कामावर का गेले?" एका शेजारणीने विचारले. तो प्रश्न पुतणीने आमच्याकडे धाडला आहे.