बेलिनीची भावंडं आपल्या फळबाजारात

व्हेनिसमध्ये सान मार्को चौकाजवळ काले वाल्लारेस्सो नावाची अरुंद गल्ली आहे. तिच्या पाण्याकडच्या टोकाला ‘हॅरीज बार’ लागतो. पूर्वी तिथे दोरखंडांचं गोदाम होतं. जुझेप्पे चिप्रियानी हे हॉटेलात बारमनची नोकरी करत असताना त्यांनी हॅरी पिकरिंग नावाच्या, पैशांच्या अडचणीत सापडलेल्या अमेरिकन तरुणाला १०,००० लिरा उसने दिले. पुढे तो तरुण परत आला आणि त्याने १०,००० च्या जागी ५०,००० लिरा हातावर ठेवले. त्या पैशांतून १९३१ च्या मे महिन्यात हा बार उघडला आणि त्याला त्या तरुणाचंच नाव मिळालं. २००१ मध्ये इटलीच्या सांस्कृतिक खात्याने त्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. रविवारच्या ब्रंचला जगभर दिली जाणारी ‘बेलिनी’ इथलीच, १९४८ मधली. चित्रकार जोव्हान्नी बेलिनीच्या चित्रांतल्या गुलाबी छटेवरून तिला हे नाव पडलं.

बेलिनीत पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेक्को ही फसफसती वाइन या दोनच गोष्टी असतात. गर एक भाग, वाइन दोन भाग. पांढरं पीच हे व्हेनेतो भागातलं उन्हाळी फळ. पातळ सालीचं, पिकल्यावर हाताच्या दाबाने फुटणारं आणि पिवळ्या पीचपेक्षा कितीतरी जास्त सुवासिक. हॅरीज बारमध्ये ते हाताने चाळणीवर घासून त्याचा गर काढत, त्यामुळे सुरुवातीची बेलिनी हंगामापुरतीच मिळायची. गर गोठवून ठेवायची सोय झाली तेव्हा ती बारमाही झाली. म्हणजे मुळात हे पेय हंगामाचं. ज्या फळाचे दिवस, त्या फळाचा पेला.

म्हणूनच आपल्याकडे डब्यातल्या पिवळ्या पीचची किंवा बाटलीतल्या पीच सिरपची बेलिनी केली जाते, तेव्हा मला वाईट वाटतं. पाकात शिजलेल्या पीचला वास उरलेला नसतो. वाइनमध्ये ते पडलं की निव्वळ गोड लागतं. त्यातून बेलिनीची कल्पनाही येत नाही आणि चांगली वाइनही वाया जाते. आपल्या घरी ब्रंचला फळांचं फसफसतं पेय करायचं असेल, तर बेलिनीचा नाद सोडून तिच्या भावंडांकडे वळावं. इटलीत याच पद्धतीने स्ट्रॉबेरीची ‘रोस्सिनी’ होते, मँडरिन संत्र्यांची ‘पुच्चिनी’ होते आणि डाळिंबाची ‘तिंतोरेत्तो’ होते. ही यादी वाचताना महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांसमोर येतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नागपुरी संत्रं आणि सोलापूरचं डाळिंब, तिघांनाही भौगोलिक मानांकन आहे. नागपुरी संत्रं हे सैल सालीचं, म्हणजे मँडरिन कुळातलंच. चार भावंडांपैकी तीन आपल्या बाजारात हजर असताना चौथ्यासाठी डबे कशाला फोडायचे?

वाइनही लांबून आणायला नको. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने स्पार्कलिंग वाइन केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी गेली. आज नाशिक-दिंडोरीचा पट्टा त्यात पुढे आहे. युरोपात द्राक्षाची काढणी उन्हाळ्याच्या शेवटी होते, आपल्याकडे हिवाळ्यात. आपले बागायतदार वेल दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात आणि पावसाळा सरताना ऑक्टोबर छाटणी, तिच्यावर फळ धरतं. रात्री थंड असतात तेव्हा मणी भरतो आणि त्याचा आंबटपणा टिकतो. फसफसत्या वाइनला हा आंबटपणाच लागतो, म्हणून तिची द्राक्षं साखर पूर्ण चढण्याआधीच खुडतात.

बुडबुडे दोन तऱ्हांनी आणले जातात. शॅम्पेनच्या पद्धतीत तयार वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात. लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर घातली की बाटलीत सहा वातावरणांइतका दाब तयार होतो. यीस्टच्या गाळाबरोबर ती महिनोन्‌महिने पडून राहते, त्यातून भाजलेल्या पावासारखा गंध येतो. प्रोसेक्कोची दुसरी आंबवणी मोठ्या बंद टाकीत होते. त्यामुळे ती ज्यापासून होते त्या ग्लेरा द्राक्षाचा ताजा, फळांचा वास तसाच राहतो. बेलिनीला प्रोसेक्को शोभते ती याच कारणाने. गाळावर वर्षानुवर्षं ठेवलेल्या महागड्या शॅम्पेनमध्ये स्ट्रॉबेरीचा गर ओतला, तर ज्या गंधासाठी पैसे मोजले तोच झाकला जातो. शाँदों कंपनीच्या दिंडोरीच्या वाइनरीत दुसरी आंबवणी बाटलीतच करतात. पण तिथली तरुण, साधी ब्रूट फळाबरोबर छान जमते.

बाटली घेताना लेबलवरचा एक शब्द नीट वाचावा. ‘ब्रूट’ म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे १२ ते १७ आणि नुसती ‘ड्राय’ म्हणजे १७ ते ३२. ड्राय वाचून कोरडी समजून घेतलेली वाइन प्रत्यक्षात ब्रूटपेक्षा गोड निघते. फळ स्वतःची साखर घेऊनच येणार आहे, तेव्हा ब्रूटच घ्यावी.

आता रोस्सिनी सावकाश करून बघू. साडेसातशे मिलीच्या एका बाटलीत सात पेले होतात, त्यांना अर्धा किलोभर स्ट्रॉबेरी पुरते. देठापर्यंत लाल झालेली फळं घ्यावीत. खांद्याला पांढरी असलेली नकोत, त्यांना वास नसतो. आधी धुवावीत, मग देठ काढावेत. उलट केलं तर फळात पाणी शिरतं. मग पुरणाच्या चाळणीवर घेऊन वाटीच्या बुडाने घासावीत. मिक्सर टाळावा. पाती फिरताना गरात बारीक हवा कोंडली जाते आणि वाइन पडली की पेला फेसाने भरतो. चाळणीखाली जमलेल्या गरात अर्धं लिंबू पिळावं, चव घ्यावी आणि अगदीच गरज वाटली तर चमचाभर पिठीसाखर घालावी. गर, पेले आणि बाटली, तिन्ही गार हवीत. गर दोन तास तरी फ्रिजमध्ये ठेवावा. बाटली तीन-चार तास ठेवली तर उत्तम.

गारव्यावर एवढा भर देण्याला कारण आहे. थंड द्रवात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो, कोमट झाला की निसटतो. शिवाय बुडबुडा आपोआप उठत नाही, त्याला आधार लागतो. फ्रान्समध्ये रान्स विद्यापीठातले जेरार लिजे-बेलेर यांनी दाखवून दिलं की पेल्याला चिकटलेल्या कापसाच्या किंवा कागदाच्या अतिसूक्ष्म तंतूंमध्ये हवा अडकलेली असते आणि बुडबुड्यांची माळ तिथूनच सुटते. फळाचा गर म्हणजे तर असे असंख्य आधार. कोमट गरावर भसकन वाइन ओतली, की सगळा वायू एकदम बाहेर पडतो. फेस टेबलावर सांडतो आणि पेल्यात बुडबुडे उडालेलं सरबत उरतं.

बाटली उघडताना आवाज काढायची गरज नाही. वेष्टन काढून तार सहा अर्धे फेरे फिरवून सैल करावी आणि तेव्हापासून अंगठा बुचावरून हलवू नये. बाटली तिरकी धरावी, तोंड माणसांकडे नको. बूच घट्ट धरून बाटली फिरवावी, बूच नव्हे. सहा वातावरणांचा दाब हळूच सुस्कारा टाकून निघून जातो आणि आतली वाइन आत राहते.

पेल्यात ५० मिली गर घ्यावा. उंच, निमुळता फ्लूटच हवा असं नाही. हॅरीज बारमध्ये बेलिनी छोट्या सरळ पेल्यात देतात आणि ढवळायलाही तोच सोपा. पेला तिरका धरून कडेने थोडी वाइन सोडावी. गुलाबी फेस काठापर्यंत चढतो. तो बसेपर्यंत थांबावं. मग उरलेली ओतावी, एकूण १०० मिली. लांब चमच्याने तळाचा गर एकदाच वर उचलून घ्यावा. जोरात ढवळू नये.

डाळिंबाचं गणित वेगळं. त्याचा रस पातळ आणि तुरट, म्हणून १०० मिली वाइनला ३० मिली पुरे. भगवा जातीच्या डाळिंबाचे दाणे मलमलच्या फडक्यात बांधून हाताने पिळावेत. मिक्सरमध्ये बिया फुटल्या तर रस कडवट होतो. संत्र्यालाही हीच काळजी हवी, आणि त्याचा रस काढल्यावर ठेवायचा नाही. सालीखालच्या पांढऱ्या भागातला आणि बियांतला लिमोनिन हा कडू घटक रसात उतरला की तासाभरात कडूपणा जाणवू लागतो. मोसंबीचंही तसंच. फेब्रुवारी-मार्चला येणारं मृग बहराचं संत्रं यासाठी मला सर्वांत आवडतं. संत्रं आणि वाइन समसमान घेतली की झाली ‘मिमोसा’. लंडनच्या बक्स क्लबात १९२१ मध्ये निघालेल्या ‘बक्स फिझ’मध्ये वाइन दुप्पट असते आणि माझ्या मते तेच प्रमाण बरोबर. समसमान घेतल्यावर वाइनचा आंबटपणा हरवतो.

आंब्याबद्दल सगळेच विचारतात. हापूसचा रस दाट, गोड आणि कमी आंबट असतो. ब्रूटमध्ये तो तळाशी बसतो आणि बुडबुडे मारून टाकतो. हापूस फोडी करून बाजूला खावा. आंबाच हवा असेल तर पायरी घ्यावी. ती रसाळ, पातळ, किंचित आंबट. रस गाळून त्यात लिंबू पिळावं आणि वाइनच्या चौथाईपेक्षा जास्त घालू नये. कोकण-गोव्याकडच्यांना त्याहून सरस फळ हाताशी आहे, रातांबा. साखरेतलं अमृत कोकम १५ मिली घेऊन वर वाइन ओतली की सुरेख रंगाचा आंबटगोड पेला होतो. आगळ मात्र चालणार नाही, त्यात मीठ असतं.

सोबतीला तळलेलं ठेवावं. कोथिंबीर वडी, कमी तिखट बटाटेवडे, माशाची तुकडी. आंबटपणा आणि फसफस तेलकटपणा कापते. मिसळ नको, मद्य आणि बुडबुडे दोन्ही तिखटाची आग वाढवतात, फळाची चव कळतच नाही. आणि हे पेय सरबतासारखं लागलं तरी सरबत नाही. १२ टक्क्यांची वाइन १०० मिली घातली की पेल्यात साडेनऊ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जातं. गोडीमुळे ते जाणवत नाही आणि सकाळी पोट रिकामं असतं. खाणं आधी मांडावं आणि गाडी चालवणाऱ्याला तोच गर सोड्यात द्यावा. सोड्याला वाइनचा आंबटपणा नसतो, त्यामुळे त्यात लिंबू थोडं जास्त पिळावं लागतं.

बाटली उरली तर तिच्या तोंडात स्टीलचा चमचा अडकवून काही होत नाही. दाबाचं झाकण मिळतं ते लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशीही चालते. गर उरला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा. फेब्रुवारीत स्ट्रॉबेरी स्वस्त होते, तेव्हा मुद्दाम जास्तीची आणून गाळून ठेवावी. वापरायच्या आदल्या रात्री वड्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवाव्यात, म्हणजे सकाळपर्यंत गर पातळ होतो आणि गारही राहतो.