नवा रेडिएटर सहज मिळतो, मग मसल कारवाले पन्नास-साठ वर्षांपूर्वीचाच का दुरुस्त करतात?

मसल कार म्हणजे अमेरिकेतली मध्यम आकाराची गाडी आणि तिच्यात बसवलेलं दांडगं व्ही-८ इंजिन. १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून या गाड्यांची लाट आली, असं मानलं जातं. आज अशी गाडी रिस्टोअर करायला घेतली की गळका रेडिएटर हमखास समोर येतो. अ‍ॅल्युमिनियमचा नवा बसवला की विषय संपतो. तो हलकाही असतो. तरीही अनेक मालक जुनाच रेडिएटर दुरुस्तीला देतात.

कारण टाकीवर आहे. जनरल मोटर्सच्या गाड्यांचे रेडिएटर त्यांच्याच हॅरिसन विभागात, न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टला बनायचे. टाकीवर हॅरिसनचं नाव उमटवलेलं असायचं आणि अनेकांवर कोड असलेली धातूची छोटी पट्टी. हा कोड गाडीच्या मॉडेलशी आणि इंजिनाशी जुळला, तर गाडी मूळ रूपात असल्याचा एक पुरावा हाती लागतो. रेडिएटर भंगारात गेला की तो पुरावाही गेला. तांब्या-पितळेला भाव असल्याने असे कितीतरी भंगारात गेलेही.

दुरुस्ती कशी होते?

या रेडिएटरच्या टाक्या आणि नळ्या पितळेच्या, मधल्या पातळ पट्ट्या तांब्याच्या आणि जोड शिसं-कथिलाच्या सोल्डरचे. कूलंट वर्षानुवर्षं बदललं नाही तर सोल्डर गंजून पांढरा थर धरतो. त्यात इंजिनाचा गंज आणि पाण्यातले क्षार मिसळले की नळ्या बुजतात.

नळ्या शाबूत असतील तर कारागीर गॅसच्या ज्योतीने टाकी सोडवतो आणि प्रत्येक नळीतून चपटी सळई फिरवून घाण काढतो. मग रेडिएटरमध्ये हवा भरून तो पाण्यात बुडवतात आणि बुडबुडे शोधतात. थोडक्यात, सायकलचं पंक्चर काढतात तसंच! शेवटी काळा रंग, तोही पातळच. जाड थर उष्णता अडवतो. शिशाची वाफ विषारी असल्याने हे काम घरी करण्यासारखं नाही.

नळ्याच सडल्या असतील तर मूळ टाक्या ठेवून मधला गाभा नवा घालतात. खरा वाद इथेच आहे. गाभा बदललेला रेडिएटर ‘ओरिजिनल’ म्हणायचा का? नव्या गाभ्याच्या पट्ट्यांची नक्षी बहुतेकदा वेगळी असते आणि जाणकाराला ती लगेच कळते.

जुना रेडिएटर गाडी थंड ठेवू शकत नाही, ही तक्रार मात्र अनेकदा चुकीची असते. फॅनभोवतीचं आवरण गायब असतं किंवा रेडिएटरचं झाकण निकामी झालेलं असतं. १५ पीएसआयचं झाकण कूलंटचा उत्कलनबिंदू सुमारे २५ अंश सेल्सियसने वाढवतं. ते दाब धरत नसेल, तर नवा रेडिएटर घालूनही तीच बोंब.

काही मालकांनी मधला मार्ग काढला आहे. रोजच्या वापराला अ‍ॅल्युमिनियमचा, आणि मूळ रेडिएटर गुंडाळून गॅरेजमध्ये. गाडी विकताना तो सोबत दिला जातो.