मधुमेही माणसाचें ताट

मुखेड तालुका हा भाकरी खाणाऱ्यांचा मुलूख. ज्वारी, तूर-मुगाची डाळ, करडईचें तेल आणि अंबाडीसारखी पालेभाजी एवढ्यावर येथील पिढ्यान् पिढ्यांचें पोषण झालें आहे. अशा घरांत कोणास मधुमेह निघाला, कीं पहिला हुकूम सुटतो तो साखर बंद करण्याचा. चहा बिनसाखरेचा होतो, सणाची पुरणपोळी दुरूनच पाहावी लागते. भाकरी मात्र पूर्वीइतकीच, किंबहुना ‘ज्वारी मधुमेहाला चांगली’ ह्या भरंवशावर एखादी अधिकच, पानांत पडते. महिनाभरानें रक्त तपासावें तर साखर होती तेथेंच! मग दोष येतो तो औषधावर.

ह्या घोटाळ्याचें मूळ ‘साखर’ ह्या शब्दांतच आहे. डब्यांतली साखर निराळी व रक्तांतली निराळी. रक्तांत जी साखर मोजतात ती ग्लुकोज, आणि तिचा मोठा भाग आपण खातों त्या धान्यांतून येतो. धान्यांतील पिष्ट आंतड्यांत पचलें म्हणजे त्याचें ग्लुकोज बनतें व तें रक्तांत उतरतें. तेथून तें शरीराच्या पेशींत शिरण्यास इन्शुलिन हा स्राव लागतो. तो स्वादुपिंडांत तयार होतो. मधुमेहांत हा स्राव अपुरा पडतो, किंवा पेशी त्याला दाद देत नाहींत. आणि ग्लुकोज रक्तांतच साचून राहतें.

आतां भाकरीचा हिशेब पाहावा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठांत सुमारें ७० ग्रॅम पिष्ट असतें. गव्हाचें प्रमाण जवळजवळ तेंच. सडीक तांदळांत तें ७८ च्या आसपास जातें. ज्वारींत चोथा अधिक, म्हणून तिची साखर रक्तांत भातापेक्षां सावकाश चढते, हा तिचा गुण खराच. परंतु एका मोठ्या भाकरीस ७०-८० ग्रॅम पीठ सहज लागतें. अशा तीन भाकऱ्या येसराच्या पातळ आमटींत कुस्करून खाल्ल्या, तर एका बैठकीस दीडशे ग्रॅमहून अधिक पिष्ट पोटांत गेलें, आणि डाळ म्हणावी तर पळीभरही नाहीं. शहरांतल्या घरीं भाकरीच्या जागीं पोळी-भात असला तरी हिशेब हाच.

उपाय भाकरी सोडण्याचा नाहीं. ताटांतलें तिचें प्रमाण बदलण्याचा आहे. अर्धें ताट पालेभाजी, काकडी, दोडका, भेंडी अशा भाज्यांनीं भरावें. पाव भागांत घट्ट वरण, उसळ किंवा अंडें-मासळी असावी, आणि उरलेल्या पाव भागांत एक, फार तर दीड भाकरी. आधीं भाजी-वरण खाऊन भाकरी शेवटीं घेतल्यास साखरेचा चढ कमी राहतो. मात्र मूत्रपिंड बिघडलेलें असल्यास डाळीचें प्रमाणही डॉक्टरांस विचारूनच ठरवावें. गुळाविषयीं एक शब्द पुरे: रक्ताच्या दृष्टीनें तो साखरच होय.

उपवासाच्या ताटाचा विचार तर कोणी करीतच नाहीं. शंभर ग्रॅम साबुदाण्यांत जवळजवळ ८८ ग्रॅम पिष्ट. प्रथिनें नांवाला नाहींत, चोथाही नाहीं. एकादशीस खिचडीची भरली थाळी व वर बटाट्याची भाजी खाणाऱ्या मधुमेह्यानें उपवास केला असें म्हणावयाचें कसें?

देह सडपातळ असला म्हणजे हा रोग व्हावयाचा नाहीं, असा एक समज आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकांत स्वतःचेंच उदाहरण दिलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण युडकिन ह्यांच्या अंगीं चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! म्हणून आपल्याकडे वजनापेक्षां पोटाचा घेर अधिक बोलका. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर तो गेला, तर रक्त तपासून घ्यावें.

चरबी उतरली तर रोगही हटतो काय? ब्रिटनमधील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत अत्यल्प आहारानें वजन उतरविलेल्या मधुमेह्यांपैकीं ४६ टक्के लोकांची साखर वर्षअखेरीस औषधावांचून आटोक्यांत होती. महाराष्ट्रांत नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार ह्यांनीं दिवसांतून दोनच वेळां जेवण्याचा पुरस्कार केला, आणि त्यांच्या पश्चात् डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनीं तो मार्ग मराठवाड्यांतच नव्हे, तर राज्यभर घरोघरीं नेला. त्यांतील मधल्या खाण्याला फांटा देण्याचें तत्त्व पुष्कळांच्या उपयोगी पडलें आहे. सुश्रुतानें तर निर्धन प्रमेह्यास अनवाणी शंभर योजनें चालावें किंवा विहीर खणावी, असें सांगून ठेविलें आहे! रोजचें अर्धा-पाऊण तास चालणें त्या मानानें सोपेंच.

परंतु येथें एक धोका आहे, आणि तो लहान नाहीं. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या चालू असतांना जेवण एकाएकीं कमी केलें वा टाळलें, तर साखर नको इतकी खालीं जाते. म्हणून ताट बदलण्यापूर्वीं औषधाचें प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घ्यावें. आपल्या मनानें गोळी बंद करूं नये. घाम फुटणें, हात कापणें, भोवंड येणें, बोलणें असंबद्ध होणें हीं साखर उतरल्याचीं चिन्हें होत. रक्तांतील साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं असल्यास, किंवा तपासण्याची सोय जवळ नसल्यास, तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत विरघळवून तत्काळ द्यावी. पंधरा मिनिटांनीं पुन्हां पाहावें, आणि बरें वाटतांच जेवावयास घालावें. रोगी बेशुद्ध असेल तर मात्र त्याच्या तोंडांत कांहींही न घालतां त्यास तडक रुग्णालयांत न्यावें.