ग्रामसंघाचा जुना लॅपटॉप : मोडीत काढायचा की सुधारायचा?

आज हिशेबाच्या वहीबद्दल नाही, तर त्या वहीची जागा घेतलेल्या लॅपटॉपबद्दल बोलू या.

आमच्या ग्रामसंघात १४ गट आहेत. सगळ्यांची मासिक बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, बँकेची पत्रं, मसाला-पापडाच्या ऑर्डरी हे सारं एका लॅपटॉपवर आहे. तो २०१३ सालचा. गेल्या वर्षी ऑडिटच्या आधी त्यानं मान टाकली. बटण दाबलं की सुरू व्हायला दहा मिनिटं. एक एक्सेल उघडली की दुसरी उघडेना. आमच्यातल्या एक आजी म्हणायच्या, "तुमचं यंत्र जागं होईस्तोवर माझा चहा उकळून, गाळून, पिऊन होतो."

बैठकीत दोन मतं पडली. निम्म्या म्हणाल्या नवा घ्या, निम्म्या म्हणाल्या पैसा कुठला? नव्या लॅपटॉपची रक्कम म्हणजे दोन-तीन जणींचं शेळीपालनाचं कर्ज. शेवटी ठरलं, आधी दुखणं कुठं आहे ते बघू, मग औषध. आम्ही काय बघितलं, काय बदललं आणि कुठं चुकलो, ते सांगते.

ओटा आणि कोठीची खोली

लॅपटॉपमध्ये दोन जागा असतात आणि दोन्हींना लोक 'मेमरी' म्हणतात, म्हणून घोळ होतो.

एक असते रॅम. ती म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. काम चालू असतं तेव्हाच ओट्यावर सामान असतं, काम संपलं की ओटा मोकळा. लॅपटॉप बंद केला की रॅममधलं सगळं पुसलं जातं.

दुसरी असते डिस्क. ती म्हणजे कोठीची खोली. धान्य, डाळी, लोणच्याच्या बरण्या तिथं कायमच्या असतात. आपले हिशेब, फोटो, आधारच्या प्रती डिस्कवर राहतात.

ओटा लहान असला तर काय होतं? पोळपाट ठेवायचा तर परात उचलून आत न्यावी लागते. पुन्हा परात हवी तर पोळपाट आत. सगळा वेळ ये-जा करण्यात. रॅम कमी पडली की लॅपटॉप नेमकं हेच करतो. ओट्यावरचं सामान डिस्कवर नेऊन ठेवतो आणि परत आणतो.

त्यात जुनी हार्डडिस्क ही मुळातच हळू. तिच्या पोटात तबकडी असते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी, आणि तिच्यावरून एक बारीक दांडी सरकत माहिती शोधते. नव्या प्रकारच्या डिस्कला एसएसडी म्हणतात. तिच्यात फिरणारं काही नसतं, पेनड्राइव्हसारख्या चिपा असतात. साधी एसएसडीसुद्धा हार्डडिस्कच्या चार-पाच पट वेगानं माहिती देते, आणि बारीकबारीक फायली शोधण्यात तर फरक याहून मोठा.

दुखणं कुठं आहे ते घरीच बघा

विंडोज १० असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' वर जा. रोजची कामं उघडी ठेवा, म्हणजे एक्सेल, बँकेचं पान, टायपिंग, आणि दोन आकडे बघा.

'मेमरी' सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर ओटा लहान पडतोय, रॅम वाढवा. मेमरी निम्मीच भरलेली आहे पण 'डिस्क' एकसारखी १०० टक्के दाखवते, तर कोठीवाला हळू आहे, डिस्क बदला. आमच्याकडे दोन्ही होतं. रॅम ४ जीबी आणि ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क.

दोन्हीपैकी एकालाच पैसे असतील तर? रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल तर आधी एसएसडी बसवा, फरक लगेच जाणवतो. रॅम २ जीबीच असेल तर मात्र एकट्या एसएसडीवर भागणार नाही.

दुकानात जाताना काय विचारून जायचं

ब्लाउजचं माप घेतल्याशिवाय आपण कापड फाडत नाही. तसंच इथं.

पहिलं, रॅमची जात. डीडीआर-३, डीडीआर-४ अशा पिढ्या आहेत. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही, कारण मधली खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, चुकीची आणली आहे असं समजायचं. डीडीआर-३ मध्येही दोन प्रकार आहेत. साधी १.५ व्होल्टची आणि 'एल' लिहिलेली १.३५ व्होल्टची. २०१३ च्या पुढच्या बऱ्याच लॅपटॉपना 'एल' वालीच लागते. सगळ्यात सोपं म्हणजे जुन्या पट्टीवरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून न्या.

दुसरं, खाचा किती. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्लॉट्स यूज्ड' लिहिलेलं असतं. '१ ऑफ २' असेल तर एक खाच रिकामी, तिथं आणखी ४ जीबीची पट्टी बसेल. '२ ऑफ २' असेल तर एक काढून मोठी घालावी लागेल. लॅपटॉप जास्तीत जास्त किती रॅम घेतो हे मॉडेलच्या माहितीपुस्तकात असतं. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, ती वाढत नाही.

तिसरं, विंडोज ३२ बिट की ६४ बिट. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', मग 'अबाउट' इथं कळतं. ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम घालूनही वाया जाते. आधी ६४ बिट विंडोज टाकून घ्यावं लागतं.

चौथं, डिस्कचा आकार. जुन्या लॅपटॉपना अडीच इंची साटा एसएसडी लागते. तिची जाडी बहुधा ७ मिलिमीटर. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर नवी थोडी सैल बसते, सोबत मिळणारी प्लास्टिकची चौकट लावायची. नव्या लॅपटॉपमध्ये एम.२ नावाची च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी असते. त्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार, दिसायला सारखे. लॅपटॉप कोणता घेतो ते विचारूनच घ्या.

भाव सारखे खाली-वर होतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. पक्कं बिल आणि वॉरंटीचा कागद घ्या. तो ग्रामसंघाच्या फाइलीत लागतोच. आणि एखादा म्हणाला, "डिस्क बदलली की विंडोज नव्यानं विकत घ्यावं लागेल," तर थांबा. विंडोज १० चा परवाना एकदा चालू झालेला असेल तर तो बहुतेक वेळा मदरबोर्डशी जोडलेला राहतो. नुसती डिस्क बदलल्यानं तो जात नाही.

आधी प्रत, मग पेचकस

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं एकच लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा. हिशेबाची प्रत काढल्याशिवाय लॅपटॉपला पेचकस लावू द्यायचा नाही. पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर सगळं उतरवा आणि ती दुसऱ्या लॅपटॉपवर लावून चार-पाच फायली उघडून बघा. नुसती नावं दिसतात म्हणून समाधान मानू नका. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फायली उघडताना अडकत असतील, तर बाकीचं काम थांबवा आणि आधी गरजेच्या फायली काढून घ्या. ती डिस्क जायच्या वाटेवर आहे.

जुन्या डिस्कचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवता येतं, त्याला क्लोन करणं म्हणतात. त्यासाठी साटा-यूएसबीची वायर लागते. आमच्या डिस्कवर ५०० पैकी ९० जीबीच भरलेलं होतं, म्हणून २४० जीबीची एसएसडी पुरली. नाहीतर नवीन विंडोज टाकून फायली परत आणायच्या. लॅपटॉप विषाणूंनी भरलेला असेल तर हाच रस्ता बरा.

हातानं बसवताना

आमच्या सचिवताईंनी हे काम दुकानदाराकडून समोर बसून करून घेतलं. पुढच्या वेळी शेजारच्या गटाचा लॅपटॉप त्यांनी स्वतः उघडला. अवघड नाही, पण घाई नको.

लॅपटॉप पूर्ण बंद करा. चार्जर काढा, बॅटरी काढा, मग सुरू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. बॅटरी फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका. तिथंच थांबा आणि जाणकाराकडे न्या. नायलॉन किंवा रेशमी साडीत, सतरंजीवर बसून हे काम करू नका. हिवाळ्यात अंगात साचलेली वीज चिपेला मारते. आधी लोखंडी कपाटाला हात लावा. स्क्रू वाटीत ठेवा, आणि कोणता कुठला ते कागदावर काढा, कारण लांबी वेगवेगळी असते.

रॅमची पट्टी कडेनं धरायची, सोनेरी टोकांना बोट लावायचं नाही. खाचेत तिरकी सरकवायची, मग हलकेच खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा 'टक्' आवाज आला की बसली. नवी रॅम घातल्यावर पहिल्यांदा पडदा थोडा वेळ काळा राहू शकतो. मिनिट-दोन मिनिटं थांबा. तरी काही नाही किंवा बीप-बीप वाजलं तर बंद करून पट्टी पुन्हा नीट बसवा. दहापैकी बऱ्याच वेळा ती अर्धवट बसलेली असते.

दुसरी डिस्क घालावी का?

ज्या लॅपटॉपला डीव्हीडीची खाच आहे, तिथं डीव्हीडी काढून एक चौकट घालता येते आणि तिच्यात जुनी हार्डडिस्क बसते. दुकानात 'कॅडी' मागा. ती ९.५ किंवा १२.७ मिलिमीटर जाडीची येते, आपली मोजून घ्या. विंडोज एसएसडीवर आणि फोटो, व्हिडिओ हार्डडिस्कवर, अशी वाटणी करता येते.

आम्ही मात्र तसं केलं नाही. एकाच लॅपटॉपमध्ये दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत. लॅपटॉप चोरीला गेला, पाण्यात पडला, तर दोन्ही जातात. आम्ही जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घातली. दर महिन्याच्या बैठकीनंतर हिशेब तिच्यावर उतरतो आणि ती कोषाध्यक्षताईंच्या कपाटात कुलपात राहते. एसएसडी कधी कधी काहीच इशारा न देता बंद पडते, म्हणून ही सवय मोडायची नाही.

आमची चूक

आता चूक सांगते. काम झालं, लॅपटॉप मिनिटाच्या आत सुरू झाला, आम्ही खूश होऊन एसटी पकडली. घरी आल्यावर सचिवताईंना आठवलं, जुनी डिस्क दुकानातच राहिली! तिच्यावर दीडशे बायकांची आधारकार्डं, पासबुकं, सह्या. रात्रभर झोप नाही. सकाळी पहिल्या गाडीनं जाऊन आणली. ती मिळाली, पण कुणी तिच्यातून प्रत काढली असती तर आम्हाला कळलंही नसतं. आपल्या भरवशावर बायांनी कागद दिलेले असतात. म्हणून जुनी डिस्क आणि जुनी रॅम दोन्ही मोजून परत घ्यायची. डिस्क देऊनच टाकायची असेल तर नुसतं डिलीट पुरत नाही, जाणकाराकडून पूर्ण पुसून घ्या. आणि भंगार झालेला भाग उकिरड्यावर टाकू नका, जाळू तर मुळीच नका. तो ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

कधी पैसे घालू नयेत

पडदा फुटलेला, बिजागरी तुटलेली, बॅटरी गेलेली आणि मशीनही मंद, असं सगळंच असेल तर पैसे वाया जातील. आणखी एक गोष्ट. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना लॅपटॉप रॅम आणि एसएसडीमुळे वेगवान होतो, पण त्यामुळे तो विंडोज ११ साठी पात्र होत नाही. त्याला नवा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सोय लागते. अशा मशीनवर लिनक्स मिंट, उबुंटू किंवा आपल्या सी-डॅकनं बनवलेलं बॉस लिनक्स मोफत टाकता येतं. हिशेबाचे तक्ते आणि मराठी टायपिंग त्यावर होतं. मात्र टॅलीसारखं विंडोजचं काम असेल तर आधी विचारा. आणि विंडोज १० तसंच ठेवणार असाल तर बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

आमचं ऑडिट वेळेत झालं. आजींचा चहा आता उकळेपर्यंत त्यांच्या गटाचं पान पडद्यावर तयार असतं. पुढच्या बैठकीत तुमच्या लॅपटॉपचे ते दोन आकडे, मेमरी आणि डिस्क, बघून इतिवृत्तात लिहा. मग ठरवा, खर्च कुठं करायचा. आणि त्याच दिवशी, त्याच बैठकीत, हिशेबाची एक प्रत काढून कपाटात ठेवा.